कुठली हातगाडी?

गाडी चालवायला शिकवणाऱ्या त्या बाईला सगळे ब्रेकबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण पाठीमागे इतक्या मोठ्याने म्हणत की तोंडावर म्हटल्यासारखंच होई. तिची शिकवणीची गाडी छोटी, पांढरी, पुढच्या दोन्ही दारांवर लाल 'एल' रंगवलेला. ती बसायची त्या डावीकडच्या सीटपुढे, तिच्या पायाशी, दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक. शिकणारा गडबडला की तिच्या तोंडाआधी तिचा पाय बोलायचा. गाडी गपकन थांबायची आणि नवखं माणूस घाम पुसत विचारायचं, "बाई, तुम्ही दाबलात की मी?"

"तुम्हीच दाबलात. छान दाबलात," ती म्हणायची. या एका थापेच्या जोरावर तिने निम्म्या शहराला लायसन्स मिळवून दिलं होतं.

नवरा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. छापील पाट्या आल्या, दिव्यांच्या पाट्या आल्या, तरी त्याच्याकडे येणारी माणसं येतच राहिली, कारण त्याचं अक्षर भरदार होतं आणि ते वाचताना दुकानदार आपल्याशी सभ्यपणे बोलतोय असं वाटायचं. स्वभावाने मात्र एकदम गमत्या. घरात काही सांडलं, फुटलं, हरवलं की पहिला हसणारा तोच. त्यामुळे तो खरंच कधी चुकतोय आणि कधी सोंग करतोय हे कुणालाच कळायचं नाही. पुढे जे झालं त्यात या स्वभावानेच सगळ्यांचा घात केला.

लेक एकुलती एक. जन्मल्या जन्मल्या अशी काही किंचाळली की पेंटरच्या मोठ्या बहिणीने तिथेच तिचं नाव टिटवी ठेवलं. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं. टिटवी आता शाळा संपवून बसली होती आणि तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं.

त्या उन्हाळ्यात घरात दोनच विषय होते. एक टिटवीची ॲडमिशन, दुसरा समुद्र. ॲडमिशनचं असं, की दोन कॉलेजांनी चित्रांच्या परीक्षेला आणि मुलाखतीला बोलावलं होतं. पहिलं मोठ्या शहरात, दुसरं त्याच्याही पुढे. तारखा रोज बदलत. सकाळी एक यायची, संध्याकाळी दुसरी. आणि समुद्राचं असं, की पेंटरची ही मोठी बहीण, ब्रेकबाईच्या वन्सं, समुद्राकाठच्या गावात एकटीच राहायची आणि कित्येक वर्षं सगळ्यांना एकदा तरी आठवडाभर बोलवत होती. दर वेळी काहीतरी आडवं यायचं. कधी शाळेची परीक्षा, कधी क्लास, कधी पाट्यांची घाई.

"या वर्षी नाही आलात ना," वन्सं फोनवर म्हणाल्या, "तर मग मी गेल्यावरच या. तेव्हा तरी मला चहा करायला लागणार नाही."

"असं काय बोलता वन्सं. येतोय आम्ही. टिटवीची परीक्षा झाली की तसेच पुढे तुमच्याकडे."

"परीक्षा झाली की, मुलाखत झाली की, यादी लागली की... अगं बाई, तुमच्या 'की'ला किल्ली कुठली लावायची?"

फ्रिजवरच्या कॅलेंडरवर ब्रेकबाईने कॉलेजांच्या तारखा निळ्या पेनाने लिहिल्या होत्या आणि समुद्राच्या हिरव्या. निळं सरकलं की हिरवं सरकायचं. खोडाखोड करून करून कागद विरला होता. गाडी शिकवून घरी आली की चपला काढायच्या आधी ती त्या कॅलेंडरसमोर उभी राहायची, आणि रस्त्यावर जशी तिची नजर एकाच वेळी समोर, आरशात आणि शिकणाऱ्याच्या पायांवर असे, तशी इथेही सगळ्या तारखांवर असे. एका माणसावर मात्र नव्हती.

नंतर ती कितीदा तरी मनाने मागे गेली आणि सुरुवात कुठे झाली ते शोधत राहिली. बहुतेक त्या चित्रापासून.

टिटवीने कॉलेजला दाखवायला एक मोठं चित्र काढलं होतं. त्यांचीच गल्ली. डाव्या हाताला त्यांचं घर, दारात आईची 'एल'वाली गाडी, मधे चौक, उजवीकडे दुकानांची रांग आणि दुकानांवर बापानेच रंगवलेल्या पाट्या. जेवणं झाल्यावर तिने टेबल पुसून ते चित्र बापासमोर पसरलं आणि ओठ चावत उभी राहिली. पेंटरने बराच वेळ पाहिलं.

"फार सुंदर," तो म्हणाला. "पाट्या तर माझ्यापेक्षा बऱ्या काढल्यायस. पण काय गं, आपली गल्ली म्हणालीस ना? मग आपलं घर कुठाय?"

"बाबा!"

"खरंच. सगळ्यांची दुकानं काढलीस आणि बापाला बेघर केलंस."

टिटवी हसत सुटली. "अरे हे काय! समोर तर आहे. आईची गाडीसुद्धा आहे."

पेंटरने मान वळवली. नुसती मान नाही, खांदे, अख्खं अंग डावीकडे वळवलं, आणि मग म्हणाला, "हां हां. आहे की."

तोही हसला, ब्रेकबाईही हसली. पण हसता हसता तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं. थट्टा करताना त्याची डावी भुवई वर जायची. ती जागची हलली नव्हती. तिला काहीतरी विचारायचं होतं, तेवढ्यात वन्संचा फोन आला, गाद्या किती घालायच्या ते विचारायला, आणि ते राहून गेलं.

मग किल्लीवाल्याची पाटी. कोपऱ्यावर डुप्लिकेट किल्ल्या करून देणारा एक जण होता, त्याने मोठ्या हौसेने लांबलचक पाटी करायला दिली होती. पेंटरने रंगवून दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो ती डोक्यावर घेऊन परत आला. दारातूनच ओरडला, "पेंटर, उरलेली अर्धी पाटी भाड्याने द्यायची का?"

ब्रेकबाई बाहेर आली. पाटीवर 'किल्ल्या बनवून मिळतील' असं लिहिलं होतं, नेहमीच्याच देखण्या अक्षरात. पण सगळं उजव्या अर्ध्यात. अक्षरं एकमेकांना खेटून, गर्दीत उभी राहावीत तशी उभी. शेवटचा 'ल' कडेला टेकलेला. आणि डावा अर्धा भाग कोरा करकरीत.

"नवीन फॅशन आहे," पेंटर म्हणाला. "मोकळी जागा सोडतात आजकाल. बघणाऱ्याने विचार करावा म्हणून."

किल्लीवाला हसला. म्हणाला, "माझ्याकडे येणारा कुलपाबाहेर अडकलेला असतो हो, त्याला कुठला विचार." पाटी पुन्हा रंगवायची ठरली. तो गेल्यावर पेंटर पाटीसमोर उकिडवा बसला आणि बोटांनी पाटीची कड चाचपू लागला. उजवीकडून सुरू करून डावीकडे, हळूहळू, अंधारात भिंत चाचपावी तसा. पाटी संपतच नव्हती. त्याचा हात पुढे पुढे जात होता आणि चेहऱ्यावरचं हसू मागे मागे. ब्रेकबाई ते दारातून पाहत होती.

"डोळे दाखवून येऊ या," ती म्हणाली.

"येऊ की. टिटवीचं एकदा मार्गी लागू दे."

"डोळ्यांना किती वेळ लागतो?"

"तेच म्हणतोय मी. डोळे कुठे पळून चाललेत?"

तरीही तिने डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिली. दोन दिवसांनी मोठ्या शहरातल्या कॉलेजने परीक्षेची तारीख अलीकडे आणली आणि निघायचा दिवस नेमका त्याच तारखेवर येऊन बसला. ब्रेकबाई फोन हातात घेऊन क्षणभर थांबली. निळं हलणार नव्हतं. हिरवं हलवलं असतं तर वन्संनी जन्मभर ऐकवलं असतं. पेन्सिल खोडायला सोपी होती. "आम्ही बाहेरगावी चाललोय," तिने दवाखान्यात सांगितलं, "आल्यावर कळवते."

दिवस जात होते तसं एकेक दिसत होतं, आणि दिसूनही सामानाच्या धांदलीत दडत होतं. जेवताना ताटातला डावीकडचा भात तसाच राहायचा आणि वर पेंटर म्हणायचा, "आज भात कमी वाढलास." ती ताट फिरवून ठेवायची, तो राहिलेलं मुकाट खायचा. दाराच्या चौकटीला त्याचा डावा खांदा आपटायचा. दंडावर निळा डाग होता, तो कसा आला ते त्याला सांगता येत नव्हतं. आणि एका सकाळी स्वतःची गाडी बाहेर काढताना त्याने डावीकडचा आरसा फाटकाच्या खांबाला घासून मुळापासून उखडला. आवाज ऐकून ती धावत आली. तो आत बसून समोर पाहत होता.

"काय झालं?" त्याने विचारलं. तिला विचारलं.

ब्रेकबाईला चुका ओळखता यायच्या. घाबरटाची चूक वेगळी, घाईची वेगळी, आपल्याला सगळं येतं असं वाटणाऱ्याची आणखी वेगळी. ही चूक त्यातली कुठलीच नव्हती. हा माणूस वर्षानुवर्षं त्या फाटकातून गाडी काढत होता. खांब त्याला दिसला आणि अंदाज चुकला असं झालंच नव्हतं. त्याच्या लेखी तिथे खांबच नव्हता.

"तुम्हाला डावीकडचं नीट दिसत नाही का हो?" तिने अगदी हळू विचारलं.

पेंटरने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत तिला पहिल्यांदाच भीती दिसली. पण तेवढ्यात टिटवी चित्रांची नळी घेऊन बाहेर आली, आणि दोघंही, जणू आधी ठरवून ठेवल्यासारखी, हसली.

"नंतर बोलू," तो पुटपुटला. "पोरीच्या परीक्षेआधी नको."

आरसा तुटला, गाडी गॅरेजमध्ये गेली. ब्रेकबाई म्हणाली, आपण शिकवणीची गाडी नेऊ. गॅरेजवाला एका दिवसात आरसा लावून देतो म्हणत होता, हे तिने घरात सांगितलं नाही. टिटवीने कपाळाला हात लावला. "आई, कॉलेजच्या दारात 'एल' लावून जायचं? ते म्हणतील, आधी गाडी शिका, मग आर्किटेक्ट व्हा."

"मी चालवतो," पेंटर म्हणाला. "तू वर्षभर त्याच गाडीत बसतेस. जरा आराम कर."

ती नाही म्हणू शकली असती. पोरीसमोर नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. ती डावीकडे जाऊन बसली आणि चप्पल काढून पाय ब्रेकच्या वर धरला.

गाव मागे पडलं. रस्ता रुंद आणि मोकळा होता. मागच्या सीटवर टिटवी मुलाखतीची उत्तरं पाठ करत होती. "मला इमारती आवडतात कारण... छे. मला माणसं कशी राहतात हे बघायला आवडतं, म्हणून..." पेंटर मधेच मुलाखत घेणाऱ्याचा आवाज काढून विचारायचा, "असं? मग तुमच्या वडिलांचं घर का विसरलात?" टिटवी खिदळायची. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय मजेत चाललेत. पण गाडी डावीकडे ओढ घेत होती. थोडीथोडी. पांढरी रेघ चाकाखाली यायची, मग रेघेपलीकडची खडी वाजायची. ब्रेकबाई हात पुढे करून स्टीअरिंगला अलगद उजवीकडे ढकलायची, शिकाऊ पोरांना ढकलते तशी. पहिल्या वेळी तो म्हणाला, "काय गं?" दुसऱ्या वेळी काहीच म्हणाला नाही. तिसऱ्या वेळी तिच्या लक्षात आलं की त्याचे हात ओले झालेत.

"चहाला थांबू या," ती म्हणाली. "मग मी घेते."

"पुढच्या गावात," तो म्हणाला.

पुढचं गाव आलं. बाजाराचा दिवस असावा. रस्ता अरुंद झाला, दोन्ही बाजूंना दुकानं, पायी चालणारी माणसं. पेंटरने वेग कमी केला, पण पुरेसा नाही. ब्रेकबाईला समोर, डाव्या बाजूला, एक म्हातारा माणूस हातगाडी ढकलत जाताना दिसला. हातगाडीवर लाकडी खुर्च्या उलट्यापालट्या रचलेल्या. म्हातारा पाठमोरा, चढावर वाकून जोर लावत होता. अंतर कमी होत होतं. ती वाट पाहत राहिली. आता हा बाजूला घेईल. आता घेईल. पेंटर शांतपणे समोर पाहत होता, आणि गाडी सरळ त्या म्हाताऱ्याच्या पाठीवर निघाली होती.

तिने ब्रेक दाबला. सगळा जीव पायात आणून दाबला आणि स्टीअरिंग उजवीकडे ढकललं.

चाकं किंचाळली. चित्रांची नळी पुढे येऊन आदळली. खुर्च्यांचे पाय तिच्या खिडकीच्या काचेला येऊन टेकले, इतके जवळ की लाकडाच्या रेषा मोजाव्यात. म्हातारा वळून पाहत होता. त्याचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता.

"का दाबलास?" पेंटर ओरडला. तो तिच्यावर कधी ओरडत नसे. "एकदम कशाला दाबलास?"

"हातगाडी," ती म्हणाली.

"कुठली हातगाडी?"

तिने नुसता हात उचलून आपल्या खिडकीकडे दाखवलं. काचेला टेकलेल्या खुर्च्या होत्या, त्यांच्यामागे म्हातारा होता, आता चार माणसं गोळा होऊन काचेवर थापा मारत होती. पेंटरने तिच्या हाताकडे पाहिलं, मग पुन्हा समोर पाहिलं. आणि खऱ्याखुऱ्या गोंधळाने, लहान मुलाने विचारावं तसं, त्याने विचारलं, "अगं, पण कुठाय?"

मागे टिटवी अजिबात हलत नव्हती.

ब्रेकबाई उतरली. म्हाताऱ्याची माफी मागितली, त्याच्या हाताला धरून त्याला सावलीत बसवलं, लोकांची बोलणी खाल्ली. कुणीतरी दारावरचा 'एल' पाहून म्हणालं, "अहो, या वयात शिकायला कशाला निघतात माणसं." परत येऊन तिने उजवीकडचं दार उघडलं. पेंटर काही न सांगता उठला, गाडीला धरत धरत पलीकडे गेला आणि तिच्या जागी बसला. पट्टा त्याला सापडत नव्हता. तिने वाकून लावून दिला. मोठ्या शहरापर्यंत गाडी तिनेच चालवली.

मुक्कामाची खोली कॉलेजच्या जवळच होती. दोन पलंग, एक टेबल, खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसायचा. ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं. पेंटर हात धुवायला गेला तेव्हा टिटवी आईजवळ आली.

"त्या दिवशी बाबाला चित्रातलं घर खरंच दिसलं नव्हतं," ती म्हणाली. "हो ना?"

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

ब्रेकबाईने खोटं बोलायला तोंड उघडलं. शिकाऊ माणसांना जे सांगायची तसलंच काहीतरी जिभेवर आलं होतं. ते आलं तसंच तिने गिळलं. "शंका होती," ती म्हणाली. "तुझी परीक्षा होऊ दे म्हटलं."

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "माझ्या परीक्षेसाठी थांबलात? आई, तो म्हातारा मेला असता. आपण मेलो असतो. कोण म्हणालं होतं थांबा म्हणून?"

पेंटर टॉवेल घेऊन दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"मी म्हणालो होतो," तो म्हणाला. "आता उद्याची परीक्षा होऊ दे, मग बघू."

"नाही." टिटवीने चित्रांची नळी उचलून छातीशी धरली. "मी एकटी जाणार. रस्त्यापलीकडे तर आहे. तुम्ही दोघं दवाखान्यात जायचं. नाहीतर मी परीक्षेला बसणार नाही. खरंच सांगते, मी बसणार नाही."

एवढ्या हळू आवाजात ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. पेंटरने ब्रेकबाईकडे पाहिलं, ब्रेकबाईने खिडकीबाहेर. तिथेच ठरलं.

सकाळी कॉलेजच्या फाटकाशी आईबापांची ही गर्दी होती. कुणी पाण्याची बाटली देत होतं, कुणी केस नीट करत होतं, कुणी शेवटचं काहीबाही सांगत होतं. पेंटरने लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "विचारलं तर सांग, घर डावीकडे आहे." टिटवी हसली नाही. मान हलवून आत गेली. मागे वळून पाहिलं तेव्हा आईबाप टॅक्सीत बसत होते.

दवाखान्यात त्यांना वाटलं होतं चष्म्याच्या काचा बदलतील. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थोडंसंच पाहिलं आणि त्या स्वतः उठून त्यांना दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, केस घट्ट बांधलेल्या. त्यांनी पेंटरसमोर कोरा कागद ठेवला.

"एक घड्याळ काढाल? आकडे घालून."

"हे काम माझंच आहे," पेंटर खुशीत म्हणाला. त्याने एका फटक्यात गोल काढला, हात न थरथरता. आणि मग आकडे घालू लागला. एक, दोन, तीन. वळणदार, ठसठशीत, दुकानाच्या पाटीवर शोभावेत असे. चार, पाच, सहा. सहा खाली आला आणि तो तिथेच, त्याच उजव्या अर्ध्यात, सात लिहू लागला. मग आठ. मग आकड्यांच्या फटींत नऊ, दहा, अकरा, बारा. डावीकडे काहीच नाही. त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि कामावर खूश असलेला माणूस पाहतो तसं डॉक्टरांकडे पाहिलं.

"झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"झालं की."

ब्रेकबाईला त्या खोलीतून उठून पळून जावंसं वाटलं. तिने खुर्चीचा हात धरला. तिचा पाय फरशीवर आपोआप दाबला गेला होता, आणि तिथे दाबायला काही नव्हतं.

मेंदूचा फोटो काढला. उजव्या बाजूला गाठ होती. डॉक्टरांनी ती पडद्यावर दाखवली, सुपारीपेक्षा मोठी, कडा धूसर. किती दिवसांपासून असेल, असं ब्रेकबाईने विचारलं. सांगता येत नाही, त्या म्हणाल्या, पण आता थांबायला नको. थोडं आधी आलो असतो तर, असं तिने विचारलं नाही. डॉक्टरांनीही आपणहून सांगितलं नाही. त्यांनी नजर खाली वळवून कागद सारखे केले, आणि तेवढं ब्रेकबाईला पुरेसं झालं.

टिटवी परीक्षा देऊन सरळ दवाखान्यात आली, बोटांना शाई लागलेली. वन्सं दुसऱ्या दिवशी आल्या. समुद्राकाठच्या घरात त्यांनी सगळ्यांसाठी अंथरुणं घालून ठेवली होती, ती तशीच टाकून आल्या. जिन्यावरून त्यांचा आवाज येईल म्हणून ब्रेकबाई कान लावून बसली होती, पण त्या न बोलता आल्या, भावाच्या पायाशी बसल्या आणि त्याचे मोजे नीट ओढत राहिल्या. हिरव्या तारखा तशाच निघून गेल्या. दुसऱ्या कॉलेजची तारीखही गेली. ती कुणाला आठवलीसुद्धा नाही.

शस्त्रक्रिया झाली. सगळी गाठ निघाली नाही. जी निघाली नाही तिच्यावर आपण लक्ष ठेवू, असं डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यानंतर त्या घराचं आयुष्य म्हणजे लक्ष ठेवणं झालं.

टिटवीचं नाव पहिल्या यादीत लागलं. तिला जायचं नव्हतं. बाप डोक्याला पट्टी बांधून घरात बसलेला असताना आपण हॉस्टेलवर जायचं, हे तिला पटेना. पेंटरने तिला समोर बसवलं. "जा," तो म्हणाला. "तुझ्यासाठी थांबून बघितलं मी. आता तू माझ्यासाठी थांबू नकोस. एका घरात किती जण थांबणार?" ती रडत रडत गेली. स्टेशनवर सोडायला वन्सं गेल्या, कारण ब्रेकबाईला त्याला एकटं सोडवत नव्हतं.

तो बरा झाला असं लोक म्हणू लागले. मान वळवून पाहायला शिकला, ताट स्वतःच फिरवून घ्यायला शिकला. दवाखान्यातल्या बाईने सांगितलं होतं म्हणून ब्रेकबाईने प्रत्येक गोष्टीच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली, दाराला, टेबलाला, कपाटाला. लाल रेघ दिसेपर्यंत पाहत जायचं, असा नियम. घर आजारी माणसाच्या अंगासारखं ओरखड्यांनी भरून गेलं. पेंटर छोट्या छोट्या पाट्या करू लागला. किल्लीवाल्याची पाटी त्याने पहिल्यांदा पुरी केली. चालताना ब्रेकबाई नेहमी त्याच्या डावीकडे असायची. गाडी त्याने पुन्हा चालवली नाही, आणि त्याबद्दल एक अक्षरही बोलला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिघंही समुद्रावर गेली. वन्संनी आठवडाभर चहा पाजून पाजून जीव नकोसा केला. पेंटर संध्याकाळी वाळूत बसून समुद्राकडे बघायचा, डावीकडून उजवीकडे, सावकाश, नियमाने. "केवढा मोठा आहे," तो म्हणायचा. टिटवी त्याच्या शेजारी बसून काहीबाही रेखाटायची. ते दिवस चांगले गेले. इतके चांगले की ब्रेकबाईला त्यांची भीती वाटायची. मेंदूचा फोटो काढायची पाळी दर काही महिन्यांनी यायची, डॉक्टर पडद्याकडे बघायच्या, आणि "तशीच आहे" म्हणेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

मग पावसाळा सरल्यावरची एक साधी सकाळ. टिटवी हॉस्टेलवर होती. ब्रेकबाईने त्याचा चहा ओतून ठेवला होता, दूध गॅसवर होतं. बाहेर नवीन शिकणारी एक मुलगी फाटकाशी येऊन थांबली होती, पहिलाच दिवस, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. पेंटर स्वयंपाकघरात आला, खुर्चीवर नीट बसला, कप उचलला. खांदा चौकटीला लागला नव्हता. त्याने एक घोट घेतला आणि म्हणाला,

"टिटवी उठली नाही का अजून? शाळेला उशीर होईल तिला."

ब्रेकबाईने त्याच्या डाव्या भुवईकडे पाहिलं. ती जागची हलली नव्हती. मग गॅस बंद केला. बाहेर जाऊन फाटकाशी उभ्या असलेल्या मुलीला म्हणाली, "आज शिकवणी नाही. मी कळवते." मुलीने काही विचारायच्या आत ती आत वळली होती. पेंटर कप हातात धरून तसाच बसला होता, वाट पाहत. ती त्याच्यासमोर खाली बसली आणि त्याच्या पायात बूट घालू लागली.

"कुठे जायचंय?" त्याने विचारलं.

"इथेच, जरा जाऊन येऊ," ती म्हणाली, आणि नाड्या बांधल्या.